बटण कोणी दाबायचं

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या रस्त्यावर मला अजूनही ‘बेहोशीवाली मॅडम’ म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दूधवाल्यापासून समोरच्या वकीलसाहेबांपर्यंत कोणाच्याही घरी ऑपरेशन ठरलं की माझ्याकडे निरोप येतो. प्रश्न एकच असतो. “मॅडम, होश तो आ जाएगा ना?” येईल, म्हणते मी. शुद्ध घालवणं आणि परत आणणं हा आमच्या धंद्यातला त्यातल्या त्यात सरळ भाग. पण शुद्ध आल्यावर त्या माणसाला सगळ्यात आधी काय जाणवणार आहे, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याला दुखणं जाणवतं. आणि माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं त्या दुखण्याच्या मागे गेली.

मी भूलतज्ज्ञ. वडील रेल्वेच्या ऑफिसात, मूळचे वर्ध्याकडचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी मी जबलपुरात वाढले आणि इथल्याच एका कर्करोग रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झाले. ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा छत्तीसगढ वेगळं होऊन थोडाच काळ झाला होता. नकाशावर राज्याची हद्द इकडे सरकली, पण तिकडचे रुग्ण पूर्वीसारखेच रात्रीची गाडी पकडून आमच्याकडे येत राहिले.

कर्करोगाचं मोठं ऑपरेशन म्हणजे काय ते आधी सांगते. जठर किंवा अन्ननलिका काढायची तर पोट छातीच्या हाडाखालून बेंबीच्या पलीकडपर्यंत उघडावं लागतं. टाके घालून झाले तरी प्रत्येक श्वासाला ती जखम ओढली जाते. म्हणून माणूस श्वास वरच्यावर घेतो आणि खोकला दाबून ठेवतो. मग छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. दुखणं थांबवणं हा आमच्यासाठी दयेचा किंवा लाडाचा प्रश्न नसतो. गाठ निघालेला माणूस घरी जाणार की नाही, ते त्यावर ठरतं.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एकच रीत होती. दुखलं की सांगा, सिस्टर येऊन मांडीत इंजेक्शन देईल. औषध मॉर्फिन, म्हणजे मूळ अफूचंच. ते कुलपात. किल्ली एकीकडे, सही करणारा दुसरीकडे. रुग्णानं हाक मारल्यापासून सुई टोचेपर्यंत त्याचं दुखणं शिगेला पोचलेलं असायचं. मग औषध एकदम चढायचं, माणूस गुंगीत जायचा, आणि उतरलं की पुन्हा तेच. कित्येक डॉक्टरही हात आखडता घ्यायचे, कारण “आदत लग जाएगी.” शहपुऱ्याच्या एका शाळामास्तरीणबाई मला विसरता येत नाहीत. अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं होतं. मी विचारलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, “अभी टाइम नहीं हुआ होगा ना? हम रुक जाते हैं.” गाठ पूर्ण निघाली होती. बाई गेल्या त्या छाती भरून.

पुढे आमच्याकडे दोन नव्या पद्धती आल्या. एक पाठीतली नळी. दोन मणक्यांच्या फटीतून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीक नळी सोडायची आणि तिच्यातून औषध थेंबाथेंबानं द्यायचं. जिथून दुखण्याची खबर वर जाते तिथेच ते काम करतं, त्यामुळे मॉर्फिन अगदी थोडं पुरतं. दुसरी पद्धत पंपाची. औषधाची सिरिंज एका पेटीत, तिची नळी शिरेत, आणि वायरच्या टोकाला एक बटण रुग्णाच्या हातात. दुखलं की त्यानं स्वतः दाबायचं. थोडा ठरलेला डोस जातो आणि मग काही मिनिटं कितीही दाबलं तरी पेटी काही देत नाही.

या दोन पद्धतींवरून माझं आणि आमच्या सर्जनचं, सक्सेना सरांचं, कायम वाजायचं. मी नळीच्या बाजूची. नळी नीट बसली तर रुग्ण दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून खोकतो, हे मी पाहिलेलं. सरांना पंप आवडायचा. “तुम्हारी नली से बीपी गिरता है, पैर भारी होते हैं, और रात को फोन मुझे आता है,” असं ते म्हणायचे. त्यांचंही खोटं नव्हतं. नळीनं रक्तदाब उतरतो, अंगाला खाज सुटते, आणि क्वचित ती सरकते तेव्हा रुग्ण दुखण्यासमोर एकदम उघडा पडतो.

दुखणं मोजायचं कसं, हा वेगळाच घोळ. पुस्तकात लिहिलेलं, शून्य ते दहामध्ये आकडा विचारा. आमचे रुग्ण त्यावर नुसते बघत राहायचे. एकदा एका म्हाताऱ्यानंच मला शिकवलं, “सोलह आने दर्द है, बिटिया.” तेव्हापासून आमच्या वॉर्डात दुखणं आण्यांत मोजलं जाऊ लागलं. चार आण्यांवर माणूस हसून बोलतो. आठच्या वर गेलं की आमचं काम सुरू.

मनोहरराव ढोबळे आले ते याच काळात. तोफांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, उंच, हाडापेरानं मोठे, बोलणं अगदी मोजकं. जठराचा कर्करोग. बरोबर बायको, विमलबाई. त्यांच्या नजरेतून वॉर्डातली एकही गोष्ट सुटायची नाही. माझ्या कोटावरचं नाव वाचून त्या थेट मराठीत सुरू झाल्या, आणि हिंदी वॉर्डात तेवढंच घरचं कानावर पडलं म्हणून मलाही बरं वाटलं.

“काका, पोटात किती दुखतं?” मी तपासताना विचारलं.

“चालते,” ते म्हणाले.

“त्यांचं सगळं चालतेच, बाई,” विमलबाई म्हणाल्या. “दात उपटला तेव्हाही चालते, सासूबाई गेल्या तेव्हाही चालते. हा माणूस कधी बोलला का? यांच्या कपाळावरून ओळखा तुम्ही. कपाळ आकसलं की समजायचं.”

मी त्यांना पाठीतली नळी द्यायची ठरवली होती. पण तरुणपणी झाडावरून पडून त्यांची पाठ दुखावलेली होती, आणि वयानं मणके एकमेकांत जवळजवळ मिटले होते. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना टेबलावर बसवून, पाठ वाकवून मी वेगवेगळ्या जागी सुई घालून पाहिली. जिथे जाईल तिथे हाडच लागायचं. दुखलं तर सांगा, म्हटलं. “चालते.” शेवटी मी सुई काढली. हट्टानं माणसाच्या पाठीत सुई फिरवत राहण्यात शहाणपण नसतं. हात धूत उभे असलेले सक्सेना सर म्हणाले, “चलो, पंप ही सही.” त्यांच्या मास्कखालचं हसू मला दिसलं.

पंपाला एक नियम आहे, आणि तो त्या पेटीपेक्षाही महत्त्वाचा. बटण फक्त रुग्णानं दाबायचं. औषध जास्त झालं की माणूस पेंगतो. पेंगणारा माणूस बटण दाबत नाही, आणि त्यामुळेच तो वाचतो. दुसऱ्यानं दाबलं की ही राखण मोडते, कारण मॉर्फिन अति झालं की झोपेतच श्वास मंदावत जातो. हे मी दोघांनाही मराठीत समजावून सांगितलं. विमलबाईंनी मान डोलावली. पलंगाच्या दांडीला हिंदीत पाटीही टांगली होती.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर सराफ्यातले एक सोनीजी होते. आदल्याच दिवशी तसंच ऑपरेशन झालेले, आणि पाठ सरळ असल्यानं नळी पहिल्या झटक्यात बसलेली. मनोहररावांच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर सोनीजी खुर्चीत बसून नाक खाजवत होते. “मैडम, दर्द तो दो आना भी नहीं है, पर ये खुजली मार डालेगी!” पहाटे त्यांचा रक्तदाब उतरला म्हणून सलाइन वाढवावं लागलं होतं. तरी ते खोकत होते, मुलाला दुकानाच्या सूचना देत होते, मधूनच हसत होते.

हातभर अंतरावर मनोहरराव फळीसारखे ताठ पडलेले. एका हातात बटण, दुसऱ्या मुठीत चादर.

“किती आणे, काका?”

“चालते.”

“बटण दाबता ना? खोकायच्या आधी दाबायचं, थोडं थांबायचं, मग खोकायचं.”

“लागलं तर दाबतो.”

मी बाहेर आले तशा विमलबाई माझ्या मागे कॉरिडॉरमध्ये आल्या. आवाज दाबून म्हणाल्या, “काहून बाई, त्या सोन्यावाल्याला पाठीत नळी अन् आमच्यांना हातात खेळणं? तो हसून राहिला, हे तडफडून राहिले. त्याची ओळख आहे का वर? तुम्ही आपल्या माणूस आहात म्हणून विचारलं.”

मी त्यांना पाठीच्या मणक्यांचं सांगितलं. सुई कुठे कुठे अडली तेही सांगितलं. पंपातही तेच औषध आहे, फक्त ते वापरावं लागतं, असंही म्हणाले. त्यांनी “अच्छा” म्हटलं. त्या अच्छामध्ये विश्वास नव्हता, हे मला कळत होतं. पण दुसऱ्या ऑपरेशनसाठी थिएटरमधून बोलावणं आलं आणि मी गेले.

दुपारी सिस्टर पुष्पा मला शोधत आली. आमच्या वॉर्डाचा ती मुख्य आधार. कधी उगाच घाबरणारी नव्हे. “मैडम, ढोबळेजी बहुत गहरी नींद में हैं. मुझे ठीक नहीं लग रहा.”

आम्ही दोघी धावतच गेलो. विमलबाई स्टुलावर बसल्या होत्या. आल्यापासून प्रथमच त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “शूऽ. आत्ता कुठं शांत झोपले.”

मनोहररावांची छाती हलली, थांबली, आणि मग पुन्हा हलायला फार वेळ लागला. ओठ काळपट पडलेले. पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. खांदा हलवला, मोठ्यानं हाक मारली, उत्तर नाही. आणि बटणाची वायर त्यांच्या हातातून निघून विमलबाईंच्या पदराखाली गेली होती.

“काकू, बटण कोण दाबत होतं?”

“त्यांचं कपाळ आकसत होतं ना,” त्या म्हणाल्या. “आकसलं की मी दाबत होती.”

पुष्पानं पंप बंद केला. मी हनुवटी वर उचलून मास्क लावला आणि पिशवी दाबून श्वास द्यायला लागले. मॉर्फिनला उतारा असतो. ते इंजेक्शन पुष्पानं भरून दिलं आणि मी शिरेतून थोडं थोडं सोडत गेले. थोडं थोडं अशासाठी की उतारा विष आणि औषध यांत फरक करत नाही. श्वास परत आणतो, आणि त्याबरोबर दुखण्यावरचं सगळं पांघरूणही ओढून घेतो. मी कितीही जपून दिलं तरी ते टळलं नाही. आधी श्वास लांब झाले, मग ओठांवर रंग आला, मग मनोहररावांनी डोळे उघडले आणि ओरडले, “आई गं!”

तो आवाज साऱ्या वॉर्डानं ऐकला. सोनीजी खुर्चीत थिजले. विमलबाईंच्या हातातून वायर सुटली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचा तो आवाज ऐकलेला नव्हता. त्या उठल्या आणि भिंतीचा आधार घेत बाहेर व्हरांड्यात गेल्या.

सक्सेना सर आले. तपासलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “बंद करो ये पंप-वंप. वापस इंजेक्शन पर डालो.”

“सर, इंजेक्शन में भी यही दवा है,” मी म्हणाले. “माँगने पर मिलती है, और ये आदमी माँगता नहीं. दो दिन में इनका सीना भर जाएगा.”

“और फिर से ऐसा हुआ तो?”

“मैं यहीं बैठूँगी.”

सरांनी पलंगापाशी जाऊन स्वतः श्वास मोजले. मग म्हणाले, “डोस कम करके चालू करो. मुझे बताती रहना.” मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले, पण ऐकून घेण्याची त्यांची ही सवय मी कधी विसरले नाही.

उताऱ्याचा असर मॉर्फिनच्या आधी संपतो, म्हणून रुग्ण पुन्हा गुंगीत जाण्याची भीती असते. ती दुपार मी मनोहररावांच्या पलंगाशीच बसून काढली. सलाइनमधून साधं वेदनाशामक सुरू केलं होतं, पण एवढ्या मोठ्या जखमेला ते किती पुरणार? घामानं त्यांची उशी भिजली होती.

“किती, काका?” मी पुन्हा विचारलं.

या वेळी ते चालते म्हणाले नाहीत. “सोळा आणे, बाई.”

“मग सकाळपासून दाबत काहून नव्हते?”

बोलायला श्वास लागतो, आणि श्वास घेतला की दुखायचं, म्हणून ते तुकड्यातुकड्यांत बोलले. “अफूच ना ते? गावात पाहिले मी अफूवाले. वाटलं, जितकं दाबलं तितकं आपलं कमी होऊन राहिलं.” मग थोडं थांबून, “अन् ती समोर बसली होती. मी दाबलं की तिला समजते, दुखून राहिलं. घाबरते ती.”

मी उठून व्हरांड्यात गेले. विमलबाई जमिनीवर बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबून.

“मी मारलं असतं त्यांना,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. ते बटन नको, बाई. विष आहे ते.”

मी त्यांच्या शेजारी बसले. काका काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ते समजलं नाही. मग समजलं आणि त्या रडायच्या थांबल्या. “माझ्यासाठी नव्हते दाबत? अन् मी त्यांच्यासाठी दाबून राहिली होती?”

“काकू, कपाळ तुम्हाला दिसतं. आत किती दुखतं ते त्यांनाच कळतं. बटण त्यांच्यापाशीच राहू द्या. पण एक काम असं आहे, जे त्यांना एकट्याला जमणार नाही. ते तुम्ही करा.”

आत येऊन मी एक घट्ट उशी घेतली, मनोहररावांच्या पोटावर जखमेवर ठेवली आणि विमलबाईंचे दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले. खोकताना पोट बाहेर उसळतं आणि टाके ओढले जातात. कोणी बाहेरून नीट धरलं तर ओढ कमी होते. “दाबायचं नाही. धरायचं. ते खोकतील तेव्हा हात हलू द्यायचे नाहीत.”

पंप कमी डोसावर पुन्हा सुरू झाला. पुष्पा एका बाजूला श्वास मोजत उभी. मी बटण मनोहररावांच्या हातात दिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. विमलबाईंनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी दाबलं. आम्ही थांबलो. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबलो. मुठीतली चादर हळूहळू सुटली.

“आता खोका,” मी म्हटलं.

पहिला खोकला नुसता घशातला होता. दुसऱ्याला विमलबाईंनी उशी अशी धरली की त्यांच्याच हाताच्या शिरा फुगल्या, आणि आतून खोल, घरघरता खोकला आला. त्याबरोबर कफाचा मोठा गोळा पडला. पुष्पा म्हणाली, “शाबाश, बाबूजी!”

“किती?” मी विचारलं.

“पडून आहे तोवर सहा आणे. खोकताना दहा.”

“अच्छा,” विमलबाई म्हणाल्या, “म्हणजे बोलता येते तर तुम्हाला!” त्यावर मनोहरराव हसले, हसताना कळ आली, आणि त्यांनी ती आली असं सांगितलं.

ते घरी गेले. सोनीजी त्यांच्या आधी गेले, वॉर्डात चालायलाही आधी लागले होते. खरं सांगायचं तर त्या दोघांत नळीचाच विजय होता, आणि मनोहररावांच्या पाठीनं वाट दिली असती तर मी त्यांनाही नळीच दिली असती. सक्सेना सर म्हणायचे, तुझा सोनी पहाटे बीपी उतरून गेला असता तर? आमचा वाद आम्ही दोघंही निवृत्त झालो तरी मिटला नाही. एवढं मात्र झालं, की त्यानंतर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रुग्णाशी एकट्याशी बोलायची आणि मग घरच्यांशी वेगळं. अफूची भीती आहे का, कोणासमोर दुखणं लपवणार आहात का, हे सरळ विचारायची. किती जण हो म्हणाले ते आता आठवलं की गलबलतं.

मनोहररावांचा आजार पुढच्या वर्षी परत आला, यकृतात. आता ऑपरेशनसारखं काही नव्हतं. त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्या साध्या औषधांच्या दुकानात मिळायच्या नाहीत. विमलबाई स्वतः यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या, गोळ्या घेऊन जायच्या. हिवाळ्यात एकदा आल्या त्या उरलेल्या गोळ्या परत करायला. मला सांगावं लागलं नाही.

मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं. थोड्या वेळानं विचारलं, “झोपेतच गेले का, काकू?” घरच्यांना तेवढंच समाधान असतं, म्हणून आम्ही ते विचारतो.

“नाही बाई. चांगले जागे होते. सकाळी अंगणात खाट टाकून दिली होती उन्हात. माझ्याशी भांडून राहिले होते.”

“भांडत होते?”

“हो ना! म्हणे, पोरीच्या लग्नात तिच्या सासऱ्यासमोर तू मला गप्प बसवलं. इतक्या जुन्या गोष्टी! मी म्हटलं, तेव्हा काहून नाही बोलले? तर म्हणे, आता बोलून राहिलो ना, ऐक.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “चहा उकळून राहिला होता म्हणून मी आत गेली. म्हटलं, थांबा, येऊन सांगते तुम्हाला. आली तर संपलं होतं.”

मी परत आलेल्या गोळ्या कुलपाच्या खणात ठेवल्या.

“चांगलं उत्तर होतं माझ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “द्यायचं राहूनच गेलं.”

“मग मला सांगा,” मी म्हटलं.

बाहेर रुग्णांची रांग होती. विमलबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची टेबलाजवळ ओढली, आणि मनोहररावांना उत्तर द्यायला सुरुवात केली.